साडूभाऊ आणि अबू सालेमची पिकअप

ओमानच्या रस्त्यांवर ज्या मोठ्या पिकअप गाड्या धावतात त्यांतल्या निम्म्या आमच्या साडूभाऊंनी पोटाखालून पाहिलेल्या आहेत, आणि उरलेल्या निम्म्या त्यांनी पाहिल्या असत्या तर त्या विकल्याच गेल्या नसत्या. हे विधान माझं नाही, खुद्द साडूभाऊंचं आहे. मी त्यात थोडी काटछाट केली आहे इतकंच. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान. मूळचे चिपळूणचे, पण सव्वीस वर्षं मस्कतला काढलेली. राहायला अल अमेरातला आणि नोकरी रुसैलच्या एका पाइपच्या कारखान्यात, यंत्रांच्या देखभालीवर. आठवड्याचे पाच दिवस कारखान्यातली यंत्रं त्यांना टरकून असत आणि शुक्रवारी सकाळी गाड्या विकणारी माणसं. कुणालाही मोठी पिकअप घ्यायची असली, म्हणजे पुढे चार दारं, मागे उघडा हौदा आणि बॉनेट आपल्या छातीला लागेल एवढं उंच, तसली, की तो माणूस बँकेत जायच्या आधी साडूभाऊंकडे येई. स्वतः साडूभाऊंकडे मात्र चौदा वर्षं वापरलेली एक चिमुकली गाडी होती. तिच्यात बसलं की खालचा रस्ता स्पष्ट ऐकू येई आणि डाव्या पायाजवळून थोडा दिसतही असे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं मी एकदा धीर करून त्यांना ऐकवलं. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "धाकटे, हिला मी तपासत नाही. तपासली तर विकायला लागेल."

मला ते धाकटे म्हणत आणि अहो-जाहो करत. मी विमा कंपनीत काम करतो, त्यामुळे गाड्यांतलं मला थोडंफार कळतं असा माझा समज होता. तो त्यांनी पहिल्याच शुक्रवारी काढून टाकला. तपासणीला निघताना त्यांच्याजवळ तीन वस्तू असत: एक टॉर्च, एक स्टीलची वाटी आणि एक गोधडी. गोधडी ताईंच्या आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली, जावयाला थंडीत उपयोगी पडेल म्हणून दिलेली. मस्कतच्या थंडीत तिचा उपयोग काय होणार, म्हणून साडूभाऊंनी ती गाडीखाली अंथरायला घेतली. "पत्र्यावर, पुठ्ठ्यावर झोपून बघितलेली गाडी वेगळी आणि गोधडीवर झोपून बघितलेली वेगळी," असं त्यांचं म्हणणं होतं. "पाठीला खडे टोचायला लागले की माणूस लवकर बाहेर येतो, आणि खरे दोष नेहमी उशिरा दिसतात." कोरी गाडी असली तरी त्यांच्या पद्धतीत फरक पडत नसे. एका चकचकीत शोरूममध्ये, जिथल्या फरशीत आपला भांगसुद्धा दिसतो, त्यांनी भर दुपारी गोधडी पसरली आणि नव्या गाडीखाली अदृश्य झाले. टाय लावलेला विक्रेता पोरगेला होता. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाहेर आलेल्या दोन पावलांकडे पाहिलं आणि मग पळत जाऊन मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजर वाकून म्हणाला, "सर, ही ब्रँड न्यू गाडी आहे." खालून आवाज आला, "नवी म्हणजे काय? अजून कुणी नीट न बघितलेली." आणि त्याच आवाजाने एक बोल्ट हाताने फिरत असल्याचंही कळवलं. तो बोल्ट मॅनेजरने स्वतः फिरवून बघितला तेव्हा आम्हाला थंड सरबत आलं.

वाटीचा उपयोग गाडीच्या आत होई. ती काठोकाठ पाण्याने भरून ते डॅशबोर्डवर ठेवत आणि इंजिन सुरू करायला लावत. मग दोन्ही हात पाठीमागे बांधून, मान थोडी तिरकी करून, त्या पाण्याकडे असे बघत उभे राहत की गाडीचा मालकही नकळत हात मागे बांधून उभा राही. पाण्यावर कसल्या वलयाचा काय अर्थ, हे त्यांनी मला अनेकदा समजावून सांगितलं आहे आणि मला ते अनेकदा समजलेलं नाही. सीटचा पट्टा ते शेवटच्या वीतभरापर्यंत ओढून काढत, कारण वादीच्या, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्याच्या, पुरात बुडालेली गाडी कितीही धुतली तरी पट्ट्याच्या त्या शेवटच्या टोकावर मातीची रेघ राहते. पण खरी परीक्षा जिभेची. इथे लोक बोटी समुद्रात सोडताना पिकअपची मागची बाजू पाण्यात घालतात आणि मग ते मीठ वर्षानुवर्षं चॅसी खात बसतं. सोहारच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या माझ्या एका नागपूरकर मित्रासाठी आम्ही एक गाडी बघायला गेलो होतो. मालक शपथेवर सांगत होता की गाडीने समुद्र लांबूनसुद्धा पाहिलेला नाही. साडूभाऊ खालून बाहेर आले, चॅसीच्या आतल्या कोपऱ्यात फिरवलेलं बोट त्यांनी जिभेला लावलं, डोळे मिटले आणि वरण अळणी आहे की नाही हे सांगावं तसं म्हणाले, "समुद्र." मालक आणखी एक शपथ घेणार तेवढ्यात घरातून त्याचा भाऊ आला आणि आपणहून सांगू लागला, "बोट पिछले महीने बेच दिया, अब गाडी भी देता है." नागपूरकर मित्र त्या दिवसापासून जेवताना मीठ कमी पडलं की साडूभाऊंची आठवण काढतो.

एवढं सगळं करूनही त्यांना चाळीस मिनिटांवर वेळ लागत नसे, हे लक्षात ठेवावं. आधी काहवा, म्हणजे इथली कोरी कॉफी, आणि खजूर, कारण ओमानी माणसाच्या दारात त्याशिवाय कामाचा विषय निघत नाही, आणि मग चाळीस मिनिटांत हो किंवा नाही. "काहवा प्यायल्यावर नाही म्हणायला छाती लागते," ते सांगत. "म्हणून माझ्या नाहीला वजन आहे." मोबदला म्हणून ते काही घेत नसत. गाडी पसंत पडून घरी आली की मालकाने त्यांना शेजारच्या सीटवर बसवून कुरियातच्या रस्त्याने डोंगर चढून खाली आणायचं, एवढीच अट. त्या उंच सीटवर बसलेले साडूभाऊ मी पाहिले आहेत. हात मांडीवर, नजर समोर, आणि चेहऱ्यावर मुंजीतल्या बटूसारखं समाधान. अशी गाडी स्वतः का घेत नाही, या प्रश्नाला ताईंचं उत्तर ठरलेलं होतं: "दोन माणसांचं घर, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. हौद्यात काय, कढीलिंब लावायचाय?"

आता अबू सालेम. साडूभाऊ ज्या इमारतीत राहत तिचे हे मालक आणि शेजारीही. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, उंच, सडपातळ, पांढऱ्या दाढीचे, आणि आम्हा लोकांशी इथली खास हिंदी बोलणारे. साडूभाऊंना ते मुहंदिस म्हणत, म्हणजे इंजिनियर. त्यांची बायको गेली त्याला दोनेक महिने झाले असतील. मुलगा सालेम सोहारला नोकरीला, पंधरा दिवसांतून एकदा येणारा. एका शुक्रवारी सकाळी अबू सालेमनी साडूभाऊंची बेल वाजवली आणि दारातच सांगितलं, "मुहंदिस, मेरे को बडा पिकअप चाहिए. मजरा पे बकरी लेके जाने का." मजरा म्हणजे त्यांची कुरियातजवळची खजुराची बाग. तिथे बकऱ्या होत्या हे खरं, पण त्या तिथेच जन्मून तिथेच राहत असत, त्यांना कुठे न्यायचं होतं कोण जाणे. तेव्हा मला एवढंच कळलं की म्हाताऱ्याला गाडी हवी आहे.

साडूभाऊंनी ती शोधायला घेतली आणि चार वर्षं शोधली. दर शुक्रवारी सकाळी त्या चिमुकल्या गाडीत पुढे साडूभाऊ आणि अबू सालेम, मागे गोधडीशेजारी मी. अबू सालेमचे गुडघे डॅशबोर्डला टेकत आणि पायघोळ डिशदाशा सांभाळताना त्यांची तारांबळ उडे, पण ते दुसऱ्या गाडीने चला असं कधी म्हणाले नाहीत. बर्का, सीब, निझवा, एकदा तर थेट सूर. जिथे मोठी पिकअप विकायला निघाल्याची कुणकुण लागे तिथे आम्ही जात असू. आणि प्रत्येक वेळी साडूभाऊ नाही म्हणत. सुरुवातीची कारणं समजण्यासारखी होती. पुढे पुढे ती फारच तलम होत गेली. एका गाडीच्या हौद्याचा फळका बंद होताना त्यांना "मनापासून" बंद होत नाहीसा वाटला. एका गाडीत सगळं उत्तम होतं, पण तिचा मालक फार भराभर बोलत होता आणि "असा माणूस गाडी गरम व्हायच्या आत पळवतो." अबू सालेम प्रत्येक वेळी गंभीरपणे ऐकून घेत, दाढीवरून हात फिरवत आणि म्हणत, "खलास. मुहंदिस बोला नहीं, तो नहीं." मग परतीच्या वाटेवर टपरीवर करक चहा, चहात बुडवायला गरम पराठा, आणि न घेतलेल्या गाडीच्या दोषांची उजळणी. त्यातून विषय सालेमच्या बदलीवर जाई, मग साडूभाऊंच्या मुलीवर, जी इथल्या शाळेत वाढली, आता पुण्यात असते आणि बापाशी मराठी बोलताना मध्ये मध्ये अडते. जुम्म्याच्या नमाजाच्या आधी अबू सालेमना घरी सोडायचं, हा नियम.

एकदा मी मनातल्या मनात हिशेब मांडला की बाकीच्या जगाला चाळीस मिनिटांत गाडी सापडते आणि या एकट्या माणसाला चार वर्षांत नाही, तेव्हा साडूभाऊंचं वय झालं असावं असा निष्कर्ष मी काढला. बुद्धी कमी असली की निष्कर्ष झटपट निघतात.

मग कंपनीचं पत्र आलं. साठ पूर्ण, नोकरी समाप्त, महिन्याभरात व्हिसा रद्द आणि चिपळूण. ताईंनी त्याच संध्याकाळी खोकी आणायला सांगितली. तिसऱ्या दिवशी अबू सालेम वर आले, खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "मुहंदिस, तुम जाने से पहले मेरा गाडी हो जाएगा?" साडूभाऊंनी त्यांचा हात हातात घेतला आणि सांगितलं, "हो जाएगा. मेरा जबान है. आप के दरवाजे पे गाडी खडा करके ही जाएगा." साडूभाऊ कोकणातले. शब्द द्यायला ते फार वेळ घेतात आणि दिलेला मोडायला त्याहून जास्त. त्यांची सव्वीस वर्षांची अब्रू आता चार शुक्रवारांवर येऊन ठेपली होती, आणि त्यातले तीन बघता बघता गेले. ताई खोकी बांधत होत्या आणि मी शब्दाची आठवण करून देत होतो. "भाऊ, थोडं इकडेतिकडे असलं तरी चालवून घ्या," असं मी म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय सोडून खोकी बांधायला लागलो.

शेवटच्या शुक्रवारी आम्ही अल खूदला गेलो. पांढरी शुभ्र पिकअप, एकहाती वापरलेली, मालक एक निवृत्त फौजी. त्याने प्रत्येक सर्व्हिसची पावती क्रमाने लावून ठेवली होती आणि हौद्यात सतरंजी अंथरली होती. काहवा झाला. पाण्याने भरलेली वाटी डॅशबोर्डवर ठेवली. देव्हाऱ्यात ठेवल्यासारखी स्थिर. पट्टा शेवटपर्यंत ओढला, स्वच्छ. चॅसीवरचं बोट जिभेला लावलं; काही नाही. आणि मग साडूभाऊ गोधडीवरून आत सरकले ते बाहेरच येईनात. दहा मिनिटं झाली, वीस झाली. काही दुखलंखुपलं की काय म्हणून मी वाकून बघितलं. टॉर्च बंद होता. साडूभाऊ दोन्ही हात छातीवर ठेवून, डोळे उघडे ठेवून, गाडीच्या पोटाकडे बघत नुसते पडून होते. "भाऊ," मी हलकेच म्हटलं, "कशी आहे?" आणखी थोड्या वेळाने ते बाहेर आले, गोधडी झटकली, तिची नीट घडी घातली आणि अबू सालेमकडे न बघता म्हणाले, "आवाज आहे."

मला धक्काच बसला. इंजिन चालू होतं आणि इतकं गुळगुळीत चालू होतं की शेजारच्या झाडावरचे बुलबुल त्याहून मोठ्याने बोलत होते. फौजी कासावीस होऊन म्हणाला, "कौन सा आवाज? किधर?" मीही कान देऊन ऐकलं. अबू सालेम पुढे आले, बॉनेटवर हात ठेवला, मान तिरकी केली, अगदी साडूभाऊंसारखी, आणि बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "ऐवा, मुहंदिस. आवाज है. मैं भी सुनता है." फौजीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि पावत्यांची फाइल मिटली. परतीच्या वाटेवर त्या दिवशी आम्ही दोन टपऱ्यांवर चहा घेतला.

त्या संध्याकाळी मी त्यांच्यावर खरंच चिडलो. "तुम्ही शब्द दिला होतात," मी म्हटलं. "त्या गाडीत काही नव्हतं. म्हाताऱ्याला रिकाम्या हाताने ठेवून निघालात." ते खोक्यावर चिकटपट्टी लावत होते. "तुम्हाला नाही कळायचं, धाकटे," एवढंच म्हणाले. निघताना वाटी आणि गोधडी त्यांनी माझ्या हातात दिली. "शुक्रवारी अबू सालेमबरोबर जात जा. फोन लावा, मी ऐकेन. गाडी मिळेपर्यंत." विमानतळावर अबू सालेमनी त्यांना छातीशी धरलं, नाकाला नाक लावलं आणि खजुराचा एवढा मोठा डबा दिला की ताईंना दोन पातेली बॅगेतून काढावी लागली.

पुढच्या शुक्रवारी गोधडी काखेत घेऊन मी अबू सालेमच्या अंगणात शिरलो आणि दारातच थांबलो. कडुनिंबाच्या सावलीत ती पांढरी पिकअप उभी होती. साडूभाऊंच्या विमानाने उड्डाण केलं त्याच्या चौथ्या दिवशी अबू सालेमनी ती आणली होती. मी काही विचारायच्या आत अबू सालेमनी बोट ओठांवर ठेवलं. "मुहंदिस को मत बोलो," ते म्हणाले. "गाडी मिल गया बोलेगा, तो उस का काम खलास. फिर शुक्रवार को वो उधर क्या करेगा?" चार वर्षं गाडी का सापडली नाही, याचा तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि इतका उशिरा पडल्याची लाजही वाटली. यल्ला, म्हणजे चला, म्हणत त्यांनी मला त्या उंच सीटवर बसवलं आणि घरी गाडी असताना आम्ही दुसरी गाडी बघायला निघालो.

हा उद्योग आम्ही पावसाळाभर केला. म्हणजे तिकडचा पावसाळा, इकडे नुसतं ऊन. दुसऱ्याच्या दारात मी गोधडी पसरायचो, चॅसी चाखायचो, ज्यातून तोंड खराब होण्यापलीकडे मला काही कळत नसे, आणि इंजिनाजवळ फोन धरायचो. चिपळुणात साडूभाऊ ओटीवर फोन कानाला लावून बसलेले असत. मागून पागोळ्यांचा आवाज येई. थोडा वेळ ऐकून ते म्हणत, "छे. नको. आवाज आहे." अबू सालेम समाधानाने मान डोलावत. ताई एकदा मध्येच फोन घेऊन म्हणाल्या, "काय चाललंय हो तुमचं? आठ दिवस गप्प बसतात आणि शुक्रवार उजाडला की सकाळपासून अंघोळ करून बसतात!"

मग एका शुक्रवारी माझी चूक झाली. आम्ही अजून वाटेतच होतो, आणि मी नादात वेळेआधीच फोन लावला. "निघालो आहोत," मी म्हटलं. मग साडूभाऊंचा आवाज आला, "धाकटे, कुठल्या गाडीत बसलायत?" मी ततपप करायला लागलो. भाड्याची, मित्राची, असं काहीतरी बोललो. "बोलू नका," ते म्हणाले. "ऐकू द्या." समोर चढ आला. अबू सालेमनी ॲक्सलरेटर दाबला आणि गाडी एका लयीत, कुठेही दम न लागता वर चढली. मग फोनमधून अगदी हळू आवाज आला.

"तीच आहे ना? अल खूदची?"

अबू सालेमनी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन तसंच चालू ठेवलं. चोरी करताना पकडलेल्या पोरासारखे ते समोर बघत होते. "हां मुहंदिस," ते म्हणाले. "वही."

"चांगली आहे," साडूभाऊ म्हणाले. मग अबू सालेमसाठी हिंदीत म्हणाले, "उस दिन भी अच्छी थी. आवाज नहीं था."

"मालूम है," अबू सालेम म्हणाले.

खाली अमेरातची पांढरी घरं उन्हात पसरली होती, फोनमधून चिपळूणचा पाऊस ऐकू येत होता आणि मी मांडीवरच्या गोधडीचे टाके मोजत होतो, कारण मला दुसरीकडे कुठे बघवेना. माझ्या डोळ्यांत पाणी होतं हे लपवण्यात आता अर्थ नाही. खोटा आवाज ऐकणारा आणि ऐकू आला म्हणणारा, अशी दोन माणसं एका आयुष्यात भेटणं हे काही कमी नाही. शेवटी साडूभाऊंनीच घसा खाकरला.

"मग? आज कुठली बघायला निघालात?"

अबू सालेमनी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. "बर्का में एक है, मुहंदिस. काला."

"जाऊन या," साडूभाऊ मला म्हणाले. "नीट गोधडी घालून बघा. आणि त्यांना सांगा, घाई करू नका म्हणावं."